बोटांचे ठसे घेऊन मुलाचं डोकं सांगतो म्हणणाऱ्याने आम्हाला कसं फसवलं

आम्ही कणकवलीजवळ राहतो, मुलगा सातवीत. वाचताना अडखळतो, ब चा व होतो, अर्धी ओळ गाळतो, तोंडी विचारलं तर मात्र सगळं येतं. मागच्या जूनमध्ये शाळेत एक कागद वाटला, नामवंत सायकॉलॉजिस्ट येणार, मुलाची बुद्धिमत्ता चाचणी, फी ४,५००. शाळेतूनच आलाय म्हटल्यावर कसली शंका घ्यायची.

बाजारातल्या एका हॉलमध्ये गेलो. कोट घातलेला माणूस, सगळे त्याला डॉक्टर म्हणत होते. पोराशी एक शब्द बोलला नाही, वह्या मी पिशवीतून नेल्या होत्या त्या उघडल्याही नाहीत. लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या मशीनवर दहाही बोटं ठेवायला लावली, पोराची बोटं घामाने ओली, ठसा उठेना म्हणून रुमालाने पुसून पुसून परत दाबत होता. दहा मिनिटांत खेळ खलास. आठ दिवसांनी ४० पानांचा रंगीत रिपोर्ट, मेंदूची चित्रं, डावा मेंदू इतके टक्के उजवा इतके टक्के. आणि वर थेरपी घ्यायलाच हवी, १२ सेशनचे १८,००० आधी भरा. आम्ही भरले. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "बोटां बघून पोराचा डोक्या कळता काय गो?" मी ऐकलं नाही, त्याचा अजून त्रास होतो.

थेरपी म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून हेडफोनवर म्युझिक. चार वेळा झालं, पाचव्या वेळी हॉलला कुलूप आणि फोन बंद. त्या रात्री रिपोर्ट नीट वाचायला घेतला तर २३व्या पानावर लिहिलंय "तिला नृत्याची उपजत आवड आहे". तिला! म्हणजे दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट नाव बदलून दिलेला.

मग माझ्या भावाने मुंबईतल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमची वेळ घेतली, तुतारी एक्सप्रेसने रात्री निघालो, सकाळी दादर. तिथे कळलं खरी तपासणी काय असते ते. पहिला तास फक्त आमच्याशी बोलल्या, बाळंतपण कसं झालं, बोलायला कधी लागला, कान डोळे तपासलेत का, घरात कुणाला असा त्रास होता का. वह्या पानपान बघितल्या. मग पोराला वाचायला दिलं, शुद्धलेखन घेतलं, गणितं, ठोकळे जुळवणं, आकडे ऐकून उलटे सांगणं, आणि तो दमला की थांबायच्या. दोन दिवस लागले. रिपोर्टमध्ये कुठली टेस्ट कधी घेतली, पोराचं लक्ष कसं होतं ते, आणि खाली सहीबरोबर रजिस्ट्रेशन नंबर. आयक्यूचा आकडा म्हणजे पोराची किंमत नव्हे, असं त्याच्यासमोरच म्हणाल्या. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी असूनही वाचता-लिहिताना अडचण येते, बुद्धी चांगली आहे.

त्यांनीच सांगितलं, बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात, त्यावरून बुद्धी किंवा आवड कळते ह्याला शास्त्रीय आधार नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असावी लागते, १९९२चा कायदा आहे, त्यासाठी एमए नंतर एम.फिल. किंवा तशीच मान्य पदवी लागते. नंबर विचारला तर खरा माणूस राग मानत नाही, लगेच देतो, आणि आरसीआयच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. समुपदेशक चांगले असतात, आमच्या ओळखीतच एक ताई आहेत, पण असं निदान त्या स्वतः करत नाहीत, पुढे पाठवतात. आणि गोळ्या लिहिणारा तो सायकिऍट्रिस्ट, एमबीबीएस होऊन पुढे शिकलेला, हेही मला आधी माहीत नव्हतं. बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर सर्टिफिकेट ठरवून दिलेल्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलचंच चालतं, खाजगी रंगीत फाईल तिथे कुणी हातात पण घेत नाही. ज्यांना मुंबई परवडत नाही त्यांनी आधी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात चौकशी करा, नावाला घाबरू नका, आणि टेलीमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

पोलिसांत अर्ज दिलाय, पैसे काही आले नाहीत. पण माझा जीव जळतो तो चार महिने गेले म्हणून, त्या चार महिन्यांत पोरगा रोज विचारायचा, आई पट्टी बांधून पण मला वाचता का येत नाही.

परवा मालवणच्या बहिणीने फोटो पाठवला, तिच्या मुलीच्या शाळेत तोच कागद वाटलाय, फक्त नाव बदललंय, ह्या वेळी फी ५,०००. कुणाच्या शाळेत आला असेल तर भरायच्या आधी मुख्याध्यापकांना आरसीआय नंबर विचारायला लावा, आणि मला मेसेज करा, आमच्या अर्जाची प्रत मी देते.