घरघंटी 14 महिने वापरून: गहू न टाकण्याच्या अटीवर

घरघंटी घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, घरात माणसं किती. मला उलट त्यालाच विचारायचं होतं, ह्या मशीनमध्ये आजवर कुणी गहू घातलाय का? परभणीत चार दुकानं फिरले. तिघं हसले. एकजण म्हणला, "ताई, गव्हासाठीच तर असती मशीन." चौथ्यानं कारण विचारलं, म्हणून त्याच्याकडून घेतली.

कारण असं की माझ्या पोराला सीलिॲक आहे. गव्हातलं, जवातलं ग्लुटेन पोटात गेलं की त्याचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उठतं, आणि अन्न शोषून घेणारी आतली बारीक लव झडून जाते. खाल्लेलं अंगी लागत नाही असं आपण सहज म्हणतो, त्याच्या बाबतीत ते अक्षरशः तसंच होतं.

मी जिंतूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या लेकरांची वजनं दर महिन्याला मीच घेते. माझं पोरगं चार वर्षांचं झालं तेव्हा भरलं 11 किलो. तक्त्यावर ठिपका लाल पट्ट्यात. दुसऱ्याच्या लेकराचा ठिपका लाल आला की त्या आईला मी काय काय ऐकवत होते, ते सगळं त्या दिवशी आठवलं. पोट नगाऱ्यासारखं, हातापायाच्या काड्या, दिवसातून चार-पाच वेळा पातळ. जंताच्या गोळ्या झाल्या. लोहाचं औषध झालं, हिमोग्लोबिन सातच्या वर सरकेना. एका दवाखान्यात तर प्रायमरी कॉम्प्लेक्स म्हणून टीबीचं औषध चालू करायचं ठरलं होतं. सासूबाईंनी मुडदूस म्हणून डाग द्यायचं काढलं, ते मी होऊ दिलं नाही.

शेवटी संभाजीनगरला लेकरांच्या पोटाच्या डॉक्टरांनी टीटीजी, म्हणजे सीलिॲक हुडकायची रक्ताची तपासणी, करायला लावली. आकडा मर्यादेच्या दहापटीहून वर. मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढायची तारीख मिळाली, 11 दिवसांनंतरची. तोवर पोळी चालूच ठेवा म्हणले, कारण गहू आधी बंद केला तर आतडं भरून यायला लागतं आणि तपासणीत काही दिसत नाही. पोर कशानं आजारी आहे ते कळलेलं, आणि तेच रोज सकाळी तूप-साखर लावून भरवायचं. ज्यांची तपासणी अजून व्हायची आहे त्यांनी मनानं गहू सोडू नका, एवढं सांगते आणि पुढं जाते. (थोरलीची पण टीटीजी करून घेतली, सख्ख्या भावंडांची करायची असते. ती नॉर्मल आली.)

निदान झाल्यावर जो तो म्हणायला लागला, बरं झालं आपण ज्वारीवाले. मलाही तसंच वाटलं. पोळी बंद केली, बिस्किटं बंद, शेवया, कुरडया, येसर बंद. दुधातली माल्टची पावडर बंद, ती जवाची असते. हिंगाच्या डबीवर मागं बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं, हे मी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वाचलं. जुलाब थांबले, दीड किलो वजन वाढलं आणि तिथंच अडकलं. सहा महिन्यांनी टीटीजी उतरली होती, पण पाहिजे तेवढी नाही. मी रोजचं खाणं वहीत लिहीत होते. डॉक्टरांनी वही वाचली आणि एकच विचारलं, "दळण कुठून आणता?"

गिरणीतून, अजून कुठून!

दुसऱ्या दिवशी डबा ठेवून परत न येता गिरणीत उभीच राहिले. माझ्यापुढं कुणाचा तरी दहा किलो गहू. तो संपला, गिरणीवाल्या मामांनी मशीनला दोन थापा मारल्या आणि वरून माझी ज्वारी ओतली. खालच्या कापडी बाहीतून पहिलं ओंजळभर पीठ पडलं ते पिवळसर, मऊ. मग हळूहळू ज्वारीचा रंग आला. ती पहिली ओंजळ मी दर आठवड्याला डब्यात घालून घरी आणत होते.

पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहायचं तर किलोमागं ग्लुटेन 20 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, असा नियम आहे. एक ग्रॅम कणकेत ते 80 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे किलोभर ज्वारीत पाव ग्रॅम कणीक पडली की हिशोब संपला. पाव ग्रॅम नखावर मावतं. गिरणीत तर ते हवेत असतं, मामांच्या भुवयांवर असतं.

मामांचा दोष नाही. "पोरी, सकाळचं पहिलं दळण तुझं," म्हणले आणि तसं दळूनही दिलं. पण रात्रीचं शेवटचं दळण गव्हाचंच असायचं. मग सासूबाईंचं जातं काढलं. त्यावर दोन पिढ्यांनी लापशी भरडलेली. छिन्नीनं टाकी लावून घेतली तरी माझ्या मनातून जाईना. शिवाय तीन किलो ज्वारी दळून अंगणवाडीत जायचं म्हणजे काय, हे तिसऱ्या दिवशी खांद्यांनी सांगितलं.

म्हणून भिशी उचलून घरघंटी आणली. 17,500 रुपये, एक एचपीची मोटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रारीही लिहायच्या आहेत.

बसवायला आलेल्या पोराच्या हातात पिशवी होती. तिच्यात दोन किलो गहू! "पहिला घाणा गव्हाचा काढतो मॅडम, आतून साफ होती." मी दारात हात आडवा धरला. त्यानं ऑफिसला फोन लावला, तिकडून काय सांगितलं माहीत नाही, पण गहू परत पिशवीत गेला आणि माझ्या ज्वारीवर मशीन चालू झाली. आपल्यासारख्यांनी सीलबंद खोकंच मागावं. शोकेसमधला पीस स्वस्तात देत असले तरी नको, डेमोला त्यात गहूच गेलेला असतो.

आता पीठ. ह्या मशीनमध्ये दगड नाही. आत पाती फिरतात आणि दाणा फुटून जाळीतून खाली येतो. पीठ गरम निघतं, ज्वारीची विरी, म्हणजे चिकटपणा, कमी होते. पहिला आठवडाभर भाकरी थापताना काठाला चिरा आणि उचलताना दोन तुकडे. सासूबाई परातीत बोटं घालून म्हणल्या, "हे पीठ हाय का भुस्कट?" शेवटी जमलं ते असं: सगळ्यात बारीक जाळी लावायची, एका वेळी दोनच किलो दळायचं, पीठ लगेच डब्यात न भरता परातीत पसरून गार करायचं आणि मळताना आधणाचं पाणी घ्यायचं. आता भाकरी फुगते. गिरणीच्या पिठाची सर नाही, खोटं कशाला बोलू.

मालदांडी ज्वारी छान निघते. माझा भाऊ परभणी शक्ती ज्वारी पेरतो, ती पोरासाठी वेगळ्या डब्यात ठेवते. लोह आणि जस्त जास्त असलेला हा वाण इक्रिसॅट ही पिकांवर संशोधन करणारी संस्था आणि आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 2018 साली आणला.

बेसनही घरीच करते, कारण गिरणीत डाळीची गतही ज्वारीसारखीच. पण हरभऱ्याची डाळ एकदम बारीक जाळीवर घातली की जाळी तुंबते आणि मोटर हुंदके द्यायला लागते. आधी मोठ्या जाळीवर भरडून घ्या. वीज तासाला पाऊण युनिट लागते, पण लाईटचा दाब कमी असला की मशीन नुसती गुरगुरते. आवाज एवढा की शेजारच्या काकूंची मालिका बंद पडते.

तक्रार एक, सर्व्हिस. नवव्या महिन्यात जाळी फाटली. "उद्या माणूस येतो" असं फोनवर 19 दिवस ऐकलं. तेवढे दिवस पोरानं भातावर आणि चुरमुऱ्यांच्या सुशीलावर काढले.

तक्रार दोन कंपनीच्या लक्षात कधीच येणार नाही, झाकणाला कुलूप नाही. उन्हाळ्यात नणंद आली होती. मी अंगणवाडीत. भावाला पोळ्या आवडतात म्हणून तिनं चांगल्या मनानं दोन किलो गहू दळून ठेवला. मी घरात पाय ठेवला आणि वासावरूनच कळलं. तिला काय बोलणार? पाती सोडवून ब्रशनं एक एक फट कोरडीच झाडली, जाळ्या आणि कापडी पिशवी नवीन घेतली, तीन किलो तांदूळ त्यातून काढून ते पीठ शेळ्यांना घातलं. मग सुताराकडून कडी-कोयंडा बसवून घेतला. किल्ली माझ्या पर्समध्ये. "दोनच किलो तर हाय गं" म्हणत येणाऱ्या बाया आता यायच्या थांबल्या. त्यातल्या दोघी बोलायच्याही थांबल्या.

गेल्या येळवसीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, माहेरी गेलो, अहमदपूरकडं. जाताना आपलं ज्वारी-बाजरीचं पीठ आणि बेसन डब्यांत भरून नेलं. वहिनीनं त्याच पिठाचे उंडे केले, आंबील केली, भज्जीला बेसन आमच्याच डब्यातलं लावलं. गव्हाची खीर लांब दुसऱ्या झाडाखाली. पोरानं हातात उंडा घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबून मला विचारलं, "आपल्या मशीनचं हाय का?" हो म्हणले, तेव्हा खाल्ला. मग अजून दोन.

आता तो पावणेसहा वर्षांचा आहे. वजन साडेसोळा किलो, ठिपका हिरव्यात. मागच्या महिन्यातली टीटीजी नॉर्मल आली.

मशीनला पाचपैकी साडेतीन देते. एक गुण सर्व्हिसचा कापला, अर्धा भाकरीचा. बारीक जाळी घेताना एकदम दोन घेऊन ठेवा, ऐन वेळी मिळत नाही.