तंबूचा रकाना गाळणारी वंशावळीची वेबसाइट: वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात वर्गणीचं नूतनीकरण मला न विचारता झालं आणि खात्यातून पैसे गेले. भांडून ते परत मिळवले, आणि राग ताजा आहे तोवर हे लिहून टाकते.

वेबसाइटचं नाव देत नाही. जनगणना, जन्म-मृत्यूची सूची, चर्चची बाप्तिस्मा पुस्तकं हे सगळं एका वर्गणीत आणि डीएनए चाचणीचे पैसे वेगळे, अशा इंग्लंडमधल्या वेबसाइटांपैकी ही एक. ज्यांचे पूर्वज एकाच गावात शेती करत राहिले त्यांनी बिनधास्त घ्यावी. माझ्या जाऊबाईंचं माहेर डेव्हनचं. त्यांना चहा संपेपर्यंत पाच पिढ्या सापडल्या.

आमचं प्रकरण वेगळं. सासूबाईंची आजी रोमनी, म्हणजे इंग्रज ज्यांना जिप्सी म्हणतात त्या फिरत्या समाजातली. केंटमध्ये हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात ती फुलं) काढणीला येणाऱ्या कुटुंबातली, लग्नानंतर पक्क्या घरात राहायला आलेली. पुढे घरात या विषयावर कुणी बोलायचंच नाही. सासूबाईंनीसुद्धा सत्तरी ओलांडल्यावर तोंड उघडलं, तेही माझ्यापाशी. मला ते कोडं सोडवायचं होतं आणि त्यांच्या हयातीत सोडवायचं होतं.

आता मूळ तक्रार. जनगणनेच्या पानावर डावीकडे पत्त्याचा रकाना असतो. घरात राहणाऱ्यांच्या नोंदीत तिथे गल्लीचं नाव येतं. फिरत्या कुटुंबांच्या नोंदीत 'तंबू', 'व्हॅन', 'माळावर', 'रस्त्याच्या कडेला' असं काहीतरी येतं. रोमनी कुटुंब ओळखायला याहून पक्की खूण नाही, कारण आडनावं स्मिथ, ली, कूपर, टेलर अशी, लाखो इतर इंग्रजांचीही तीच. आणि नेमका हाच रकाना या वेबसाइटने मला हव्या असलेल्या वर्षांसाठी शोधात घेतलेलाच नाही! नाव आहे, वय आहे, जन्मगाव आहे, पत्ता नाही. शोधाच्या चौकटीत 'तंबू' टाकलं की शून्य उत्तरं. मूळ पानाचं छायाचित्र उघडलं की तोच शब्द ठसठशीत अक्षरात समोर.

मी ग्राहक सेवेला लिहिलं. नाव चुकीचं वाचलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. रकान्याबद्दल उत्तर आलं की ही माहिती 'सूचीचा भाग नाही'. पुन्हा लिहिलं, तेच वाक्य पुन्हा आलं. भरपूर वर्गणी घेणाऱ्यांनी एक रकाना टंकायचा कंटाळा करावा, आणि त्यामुळे एक अख्खा समाज शोधाबाहेर राहावा, हे मला पटत नाही. शेवटी मी पॅरिशमागून पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) पानं उलटत गेले. घरात न राहणाऱ्यांची नोंद बऱ्याचदा त्या भागाच्या वहीच्या शेवटी असते, तेव्हा मागून सुरुवात करा, वेळ वाचेल. १८४१ साली तर तंबूत आणि कोठारात झोपणाऱ्यांची अनेक ठिकाणी नुसती डोकी मोजली आहेत, नावंच नाहीत.

नावांचं वाचन हा दुसरा ताप. रोमनी घरांत सिन्फाय, मिझेली, ब्रिटानिया, केझिया अशी सुंदर नावं असतात. नोंदणाऱ्याने ती कानाला लागली तशी लिहिली, आणि आता वाचणाऱ्याने त्याचं आणखी काहीतरी केलं. म्हणून आडनाव सोडून द्या. पहिलं नाव अर्धवट टाका, जोडीला धंदा बघा: फेरीवाला, कल्हईवाला, खुर्च्या विणणारा, टोपल्या करणारा, घोड्यांचा व्यापारी. मुलांची जन्मगावं तर नीट बघाच. प्रत्येक मूल वेगळ्या गावात जन्मलेलं असतं, आणि ती गावं नकाशावर मांडली की कुटुंबाची वर्षभराची फिरती दिसते. आमच्यांची थंडी लंडनजवळच्या मिचमला जायची आणि सप्टेंबर केंटमध्ये. १९२१ची जनगणना एप्रिलमध्ये व्हायची होती. संपांच्या धामधुमीत ती १९ जूनवर गेली, तोवर ही मंडळी मुक्काम सोडून रस्त्याला लागलेली. त्या वर्षी ती मला सापडलीच नाहीत.

बाप्तिस्म्याच्या पुस्तकांबद्दल पहिल्या महिन्यांत मी नवऱ्याला म्हणत होते की हा विभाग उगाच भरतीचा आहे, गावच नाही तर चर्च कुठलं शोधायचं? ते मत आता साफ बदललंय. रोमनी कुटुंबं मुलांचा बाप्तिस्मा करत, कधी एकाच मुलाचा दोन वेगळ्या गावांतही. १८१३पासून छापील नमुन्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण यांना वेगळे रकाने आले, त्यामुळे पाद्र्याने 'प्रवासी', 'जिप्सी' किंवा 'ठावठिकाणा नाही' असं लिहून ठेवलेलं सापडतं. आजीच्या आजोबांचा पत्ता मला तिथेच लागला. या विभागाला पूर्ण गुण.

पैशांचं बोलायचं तर वर्गणीआधी सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसची ऑनलाइन सूची बघा. शोध फुकट आहे, आणि तिथे १८३७पासूनच्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं. जुन्या छापील सूचीत ते १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. स्मिथांच्या जंगलात ते माहेरचं आडनावच तारून नेतं. फ्रीबीएमडी आणि फॅमिलीसर्च या जुन्या नोंदी शोधायच्या वेबसाइटा फुकट, आणि बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत सशुल्क वेबसाइटाही फुकट बघता येतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर महागातली वर्गणी मी घेतलीच नसती.

वेबसाइट आपणहून ज्या 'सूचना' पाठवते त्यांच्यावर विसंबू नका. आमच्या फेरीवाल्या स्मिथला तिने गावातल्या लोहार स्मिथचं घर जोडून दिलं होतं, आणि इतरांनी ते डोळे मिटून आपापल्या वंशवृक्षात उतरवलं होतं.

डीएनएचं सगळ्यांना कुतूहल असतं, आम्हा भारतीयांना जास्तच. रोमनींचे पूर्वज सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले असं जनुकीय अभ्यास सांगतात. माझ्या मुलांची चाचणी यासाठी निरुपयोगी, ती माझ्यामुळेच अर्धी भारतीय. म्हणून सासूबाईंची केली. दक्षिण आशियाचा अंश आला, अगदी थोडा, पण आला. "म्हणजे तू आणि मी लांबच्या नात्यातल्या निघालो," असं त्या म्हणाल्या, तेव्हा चाचणीचे पैसे वसूल झाले असं मला मनापासून वाटलं. मात्र जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी जपून वाचा. या समाजात नात्यातली लग्नं बरीच झाली, त्यामुळे लांबचा चुलतभाऊ जवळचा दिसतो. आणि आयरिश ट्रॅव्हलर हा दुसरा फिरता समाज वेगळा, त्यांचं मूळ आयर्लंडमधलंच. वेबसाइटने दोघांना एकाच मदत-पानावर कोंबलंय.

मी सांगलीची. आमच्याकडे हेळवी यायचे. स्वतः फिरस्ते, पण गावातल्या शेतकऱ्यांच्या पिढ्या त्यांना तोंडपाठ. इथे उलट झालं. फिरणाऱ्यांची नोंद स्थिर लोकांनी ठेवली, आणि पुष्कळदा दंड करतानाच ठेवली. १८३५च्या हायवेज अॅक्टमध्ये जिप्सींनी रस्त्यावर तंबू ठोकला तर ४० शिलिंगांपर्यंत दंड होता, आणि त्या खटल्यांच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत नावांसकट छापून यायच्या. आजीच्या वडिलांचं नाव मला अशाच एका बातमीत दिसलं. याच राज्यकर्त्यांनी १८७१ साली भारतात गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे आपल्याकडच्या पारध्यांसारख्यांना पोलिसांच्या हजेरीपटात अडकवलं. ती बातमी वाचताना मला अशा जमातींना डांबलेली सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत आठवत होती. सासूबाईंच्या घरात इतकी वर्षं कुणी काही का बोललं नाही, ते तेव्हा कळलं.

वर्गणी बंद केली आहे. पुढे लागली तर एका महिन्याची घेईन आणि आधी यादी करून बसेन. ज्यांना याच वाटेने जायचंय त्यांनी १९९१पासून काम करणाऱ्या रोमनी अँड ट्रॅव्हलर फॅमिली हिस्टरी सोसायटीचं सभासदत्व आधी घ्यावं. तिथल्या लोकांना तंबूचा रकाना म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मला आता शाळांची प्रवेशपुस्तकं बघायची आहेत. हॉप्सच्या हंगामात काही आठवडे नाव घातलेली मुलं त्यांत असतात. यातलं बरंच ऑनलाइन नाही, तेव्हा सासूबाईंना गाडीत घालून केंटच्या अभिलेखागारात जाणार आहे.