ससा घ्यायचा तर ब्रीडरकडून (सशांची पैदास करणाऱ्याकडून) की बेघर प्राण्यांच्या निवारा केंद्रातून?

जात नक्की हवी असेल तर चांगला ब्रीडर गाठावा. तो पिल्लाचे आईबाप दाखवतो, दात तपासू देतो, ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडत नाही. यातलं एकही नाकारलं तर सरळ परत फिरा. नुसत्या पिल्लावरून जात ओळखणं अवघड असतं. नेदरलँड ड्वार्फ या छोट्या जातीचा ससा मोठा झाल्यावरही साधारण १ किलोचाच राहतो. त्या नावाने घेतलेलं पिल्लू मात्र दुप्पट वाढू शकतं.

निवारा केंद्रातला ससा बहुधा संकरित. कान, केस, वजन पाहून जातीचा फक्त अंदाज बांधता येतो. पण वाढ झालेली असेल तर आकार, स्वभाव आधीच कळतात, नसबंदीही अनेकदा झालेली असते, म्हणजे मोठा खर्च वाचतो.

प्रदर्शनासाठी ब्रीडर. घरात सोबतीला हवा असेल, तर माझं मत ठामपणे निवारा केंद्राला.