डॅटचं ऑनलाइन पॅकेज: नोकरी करत डेंटलकडे वळणाऱ्यांसाठी

मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि आता छत्तिसाव्या वर्षी डेंटल स्कूलला अर्ज करतेय. त्यासाठीची प्रवेश परीक्षा म्हणजे डॅट, आणि तिच्या तयारीसाठी मी हे ऑनलाइन पॅकेज घेतलं. या पॅकेजचे पैसे खरे वसूल झाले ते पॅटमध्ये, म्हणजे डॅटमधल्या आकार आणि आकृत्या ओळखण्याच्या भागात. ९० प्रश्न, ६० मिनिटं: कोन लहान-मोठे लावा, घडी घालून भोकं पाडलेला कागद मनातच उलगडा, ठोकळ्यांच्या रंगलेल्या बाजू मोजा. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. इथे हवे तितके नवे प्रश्न मिळतात. मुलं झोपली की मी कोनच घेऊन बसायचे. हळूहळू अगदी बारीक फरकही नजरेला कळायला लागला.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे व्हिडिओ मात्र नुकतंच कॉलेज संपवलेल्यांसाठी आहेत, फार भरभर जातात. विषय सुटून वर्षं झाली असतील तर कम्युनिटी कॉलेजची संध्याकाळची बॅच गाठा. बहुतेक डेंटल स्कूलना लॅबसकट कोर्स लागतोच. फिजिक्स डॅटमध्ये नाही, पण प्रवेशासाठी बऱ्याच ठिकाणी मागतात, हे या पॅकेजने ठळक सांगायला हवं होतं.

घ्यायचं तर हिवाळ्यातच घ्या. अर्ज उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू होतात आणि अनेक ठिकाणी आलेले अर्ज लगेच बघायला घेतात.