जुन्या गाडीचा रेडिएटर फॅन स्विच: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. मूळ स्विचवर जे तापमान कोरलेलं होतं, त्याच तापमानाचा नवा स्विच घेतला आणि तो अगदी चोख चाललाय. कडक ऊन, लांबलचक चढ, तासभर रखडलेली वाहतूक हे सगळं होऊन गेलं, पण टेंपरेचरचा काटा ठरलेल्या जागेवरून फारसा हललेला नाही. दुकानात तीन-चार जणांनी ‘कमी टेंपरेचरचा घ्या, गाडी थंड राहील’ असा सल्ला दिला होता. तो का मानला नाही, ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच.

माझी गाडी पंख्याचा कारभार ईसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे) जाण्याआधीच्या काळातली आहे. रेडिएटरच्या खालच्या बाजूला एक पितळी स्विच आट्यांवर बसवलेला असतो, आत बायमेटलची (दोन धातू चिकटवून केलेली) चकती असते, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तापला की चकती टिचकन उलटते आणि पंखा सुरू होतो. एवढंच. जुना स्विच हळूहळू आळशी होत गेला. काटा मधल्या रेषेच्या बराच वर गेल्यावर पंखा लागायचा, कधी लागायचाच नाही. एसी लावला की मात्र लगेच फिरायचा, कारण एसीचा हुकूम पंख्यापर्यंत वेगळ्या वाटेने येतो. पंखा एसीवर फिरतो आणि नुसत्या तापण्यावर फिरत नाही, अशी लक्षणं असली की संशय सर्वात आधी या स्विचवर घ्यावा. खात्री करणंही सोपं आहे. इग्निशन चालू ठेवून स्विचचा सॉकेट काढायचा आणि त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या. पंखा फिरला म्हणजे मोटर, फ्यूज आणि वायरिंग ठीक आहेत. काही जुन्या टोयोटांमध्ये व्यवस्था उलटी असते. तिथे स्विच थंड असताना जोडलेला असतो आणि तापल्यावर उघडतो, त्यामुळे सॉकेट नुसता काढला तरी पंखा सुरू होतो. नवा स्विच घेताना आपल्या गाडीची पद्धत कोणती हे आधी पाहून घ्या. उलट्या जातीचा बसला तर गार इंजिनवर पंखा गरगरेल आणि तापल्यावर थांबेल.

आता मुद्द्याचं. स्विचच्या षटकोनावर, म्हणजे पाना लावायच्या सहा बाजूंच्या भागावर, दोन आकडे असतात. माझ्या स्विचवर 92–87 आहेत. म्हणजे 92 अंश सेल्सिअसला पंखा सुरू, 87 ला बंद. दोन वेगांच्या पंख्याला तीन पिनांचा स्विच लागतो आणि त्यावर दोन जोड्या असतात. जुन्या फोक्सवॅगन गाड्यांत 95–84 आणि 102–91 अशी जोडी बरीच दिसते. आकडे वाचताना स्विच कुठे बसलाय हेही बघावं लागतं. रेडिएटरमधून थंड होऊन बाहेर पडणाऱ्या कूलंटजवळ बसलेल्या स्विचला 92 दिसतात, तेव्हा इंजिनच्या तोंडाशी त्याहून जास्त असतात. वरच्या होजजवळ (रबरी नळीजवळ) किंवा थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरात बसणाऱ्या स्विचचं गणित म्हणूनच वेगळं. शेजाऱ्याच्या गाडीत 88 चा चालतो म्हणून आपल्याही गाडीत चालेल, असं होत नाही.

कमी तापमानाचा स्विच घेतला तर इंजिन थंड राहील ही समजूत फार पक्की बसलेली आहे. इंजिनचं कमीत कमी तापमान ठरवतो थर्मोस्टॅट. माझा 88 अंशांना उघडायला लागतो. त्याच्या खाली कूलंट गेला की तो रेडिएटरची वाट आवळतो, मग बाहेर पंखा कितीही फिरो, इंजिन त्याहून गार होत नाही. स्विचचा बंद होण्याचा आकडाच फार खाली असेल तर ट्रॅफिकमध्ये पंखा थांबायचं नावच घेत नाही. मोटरचे ब्रश झिजतात, अल्टरनेटरवर फुकटचा भार पडतो आणि पदरात काहीच पडत नाही. गाडी खरोखर तापत असेल तर दुखणं दुसरीकडे असतं: चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा रेडिएटरचं म्हातारं झालेलं झाकण. झाकणाकडे तर कुणी बघतच नाही. 0.9 बार दाब धरणारं धडधाकट झाकण साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू 118 अंशांच्या आसपास नेतं. ते दाब धरेनासं झालं की सगळी सिस्टिम लवकर उकळते आणि दोष मात्र पंख्यावर येतो.

आकडे ठरल्यावर बाकीची निवड चटकन झाली. आटे एम22 गुणिले 1.5 (व्यास 22 मिमी, दोन आट्यांतलं अंतर 1.5 मिमी), पिना दोन, सॉकेट मूळ आकाराचा. आटे व्हर्नियरने मोजून घ्या, नजरेवर विसंबू नका. एक पिन असलेले स्विच बॉडीतूनच अर्थिंग घेतात, ते प्लास्टिकच्या टाकीत चालत नाहीत, आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर अर्थिंग कमजोर होऊ शकतं. फॅसेट, व्हेर्नेट, वाहलर या स्विच बनवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये गाडीच्या मूळ पार्ट नंबरावरून तापमान, आटे, पिना सगळं मिळतं. मी त्या वाटेनेच गेलो. ज्या डबीवर तापमान छापलेलंच नव्हतं ती तिथेच परत केली. गेजचा सेंडर (डॅशबोर्डच्या काट्याला तापमान कळवणारा) आणि ईसीयूचा सेन्सर दिसायला याच्यासारखेच असतात, काउंटरवरचा माणूस घाईत असला की तोही हातात ठेवतो. माझ्यासारख्या स्विचला मल्टिमीटर लावला तर गार असताना सर्किट पूर्ण उघडं दिसतं, सेन्सर काहीतरी रेझिस्टन्स दाखवतो.

बसवण्याआधी जुना आणि नवा दोन्ही गरम पाण्यात तपासले, आणि मला सर्वात जास्त समाधान याच कामाने दिलं. भांड्यात पाणी, त्यात फक्त पितळी टोक बुडवलेलं, पिना कोरड्या, थर्मामीटर तळाला न टेकवता स्विचच्या शेजारी, आणि पाणी सतत ढवळत राहायचं. नव्या स्विचने थर्मामीटर 92 ला पोचता पोचता ‘टिक’ केलं. पक्कड धरलेल्या बोटांना ती टिचकी स्पष्ट जाणवली आणि मल्टिमीटर वाजला. गॅस बंद करून पाणी निवू दिलं तर 87 च्या आसपास पुन्हा टिक, आवाज बंद. जुना स्विच पाणी खळखळा उकळेपर्यंत गप्प होता. तीन पिनांच्या स्विचचा वरचा टप्पा 100 च्या वर असेल तर तो साध्या पाण्यात तपासता येत नाही, कारण पाणी तिथवर जातच नाही. कूलंट उकळून बघायचाच असेल तर स्वयंपाकाचं भांडं अजिबात वापरू नका, त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं.

स्विचबरोबर एक रिलेही (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकला, आणि ही शिफारस मी कुणालाही करेन. पंख्याची मोटर चालताना सहज 10 ते 20 अँपिअर खेचते, सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा. पूर्वी तो सगळा करंट या छोट्या स्विचच्या कॉन्टॅक्टमधून जायचा. जुना स्विच कापून पाहिला तर कॉन्टॅक्ट काळे पडून खड्डे पडलेले होते. आता स्विच फक्त रिलेची कॉइल ओढतो, म्हणजे साधारण 0.15 अँपिअर. मोठा करंट रिले सोसतो, आणि तो बदलायला कूलंट काढावा लागत नाही. डॅशबोर्डवर हाताने चालवायचं बटण बसवून स्विचला रजा देणारेही भेटतात. स्विचला समांतर, अडीअडचणीसाठी असेल तर ठीक. स्विचऐवजी मात्र नको, कारण बटण दाबायची आठवण होईपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलेलं असू शकतं.

एक तक्रार आहे. सोबत आलेला वॉशर फारच पातळ होता. काही आठवड्यांनी षटकोनाखाली हिरवट सुकलेला ओघळ दिसला. नवा तांब्याचा वॉशर घातला तेव्हापासून जागा कोरडी आहे. स्विच काढला की वॉशर दर वेळी नवाच घालायचा, आणि पितळी आटे म्हणून पान्यावर जोर काढायचा नाही. कूलंट भरल्यावर हवा नीट काढणंही तितकंच महत्त्वाचं. टोकाभोवती हवेचा बुडबुडा अडकला तर स्विचला कूलंटचं तापमान कळतच नाही.

आता रोजचं चित्र असं: सिग्नलला थांबलो की काटा किंचित चढतो, पंखा लागतो, मिनिट-दोन मिनिटांत थांबतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वाराच पुरतो, पंखा क्वचितच लागतो. कडक उन्हात चालू राहण्याचा वेळ वाढला, पण बंद व्हायचा तो झालाच. गाडी बंद केल्यावर कधी कधी तो पुन्हा सुरू होतो आणि थोड्या वेळाने आपसूक थांबतो. इंजिनमधली उष्णता कूलंटमध्ये उतरत असते आणि माझा स्विच इग्निशनवर अवलंबून नाही, त्यामुळे यात बिघाड काही नाही. पण म्हणूनच गरम गाडीच्या बॉनेटखाली काम करताना बॅटरीची वायर काढतो, आणि पंख्याच्या पात्यांजवळ हात नेण्याआधी ती काढलीय ना हे पुन्हा बघतो.

वॉशर बदलताना स्विच हातात आलाच होता, तेव्हा तो परत गरम पाण्यात घातला. 92 ला टिक, 87 ला टिक. तसाच परत बसवला.