बाण उलटा होता, आणि मी तो पाहिला होता

जून २०२३ मध्ये पुण्यातल्या एका दुकानातून चार टायर घेतले. ७,४०० ला एक, म्हणजे २९,६००. अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे १,२००. एकूण ३०,८०० रुपये गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हातात बिल नाही.

मी नवखा नाही. माझ्या डिझेल स्कोडा लॉरा गाडीला २०५/५५ आर १६, ९१ व्ही मापाचा टायर लागतो. ९१ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो भार. भावाच्या बलेनोचा ८७ वाला माझ्या जड गाडीला चालणार नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पावसासाठी व्ही आकाराच्या नक्षीचा, बाणाच्या एकाच दिशेने फिरवायचा टायर हवा होता. जून २०२० मध्ये टायरांच्या आयातीवर निर्बंध आल्यापासून मला हवं ते मॉडेल मिळत नव्हतं. "शेवटचा सेट आहे साहेब," दुकानदार म्हणाला. बिल हवं तर २८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८,२८८. मी नको म्हटलं. ५,००० ऑनलाइन दिले, बाकी रोख. महिनाअखेरीला कुणीही हेच केलं असतं.

टायर मागच्या शेडमध्ये चढवले. गाडी बाहेर आली तेव्हा डाव्या बाजूच्या दोन्ही टायरांवरचा बाण उलट्या दिशेला होता. मी तो पाहिला. थांबलोसुद्धा! टायर कधी बनला ती तारीख कुठे आहे विचारलं, तर म्हणे, "आतल्या बाजूला येते." तेही खोटं नाही, पुष्कळ टायरांवर तारखेचा पूर्ण आकडा एकाच बाजूला असतो. पण एकाच दिशेच्या टायरांत चारही तारखा आत जाऊच शकत नाहीत. सरळ बसवले तर एका बाजूच्या दोन बाहेर येणारच. चारही लपवायच्या तर दोन टायर उलटे बसवावे लागतात. एवढा हिशेब मला त्या क्षणी सुचला नाही, याची आजही चीड येते. हाताला काळं पॉलिश लागलं होतं. नव्या टायरावरचे रबराचे बारीक केसही नव्हते.

जुलैत ताम्हिणीत साठलेल्या पाण्यावर गाडी तरंगली. मागे बायको आणि मुलगी होती. उलटी नक्षी पाणी बाहेर फेकण्याऐवजी मधे ओढते. पौडजवळ पंक्चरवाल्याने चाक काढून दाखवलं: ३८१६. म्हणजे २०१६ सालचा ३८ वा आठवडा. चौथ्या टायरावरचा आकडा घासून टाकलेला. खाचांच्या तळाशी भेगा.

चाक काढायला लावा, चारही आकडे स्वतः वाचा, मगच पैसे द्या.

चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, अकरा दिवसांनी 'निकाली' असा मेसेज आला. कुणी निकालात काढली, काय काढलं, उत्तर नाही. टायर कंपनी म्हणते, तो आमचा अधिकृत विक्रेता नाही. आरटीओत खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता "हे आमच्याकडे येत नाही" म्हटलं. मग कुणाकडे येतं? आठ दिवस जुनं दूध विकलं तर धाड पडते, सात वर्षं जुना टायर विकला तर कुणाचंच खातं नाही! जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, पण खरेदीचा पुरावा लागतो. माझ्याकडे एका खासगी नावावर गेलेले ५,००० दिसतात, एवढंच. ८,२८८ वाचवले नसते तर आज बिल असतं. बिल घ्याच, त्यावर टायरांचे आकडे लिहून घ्या.

मागच्या आठवड्यात पुन्हा तिथे गेलो होतो. दारात त्याच मापाचे टायर रचलेले होते, पॉलिश मारून.