भ्रूण साठवणुकीची सेवा: टाकी चोख, करारपत्र कच्चे

वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका केंद्राच्या भ्रूण साठवणूक सेवेविषयी हा अभिप्राय आहे. आमचे भ्रूण तेथे ठेवलेले आहेत आणि आजवर काहीही बिघडलेले नाही. यशाचे प्रमाण आणि डॉक्टरांचे वागणे यांवर अभिप्राय भरपूर मिळतात. पण उद्या चूक झालीच तर रुग्णाच्या हाती काय उरते, या अंगाने कोणी सेवा पारखलेली मला आढळली नाही, म्हणून मी तेवढेच पारखले.

प्रत्यक्ष व्यवस्था समाधानकारक आहे. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनच्या टाक्या, पातळी घसरल्यास वाजणारा गजर, प्रत्येक नमुना हलवताना दुसऱ्या भ्रूणतज्ज्ञाची साक्षीदार म्हणून सही, हे सारे जागच्या जागी आहे. गजराचा संदेश रात्री कोणाच्या फोनवर जातो आणि त्याने तो उचलला नाही तर पुढे कोणाकडे जातो, हेही त्यांनी न कुरकुरता सांगितले. हा प्रश्न फाजील नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंडजवळच्या एका रुग्णालयात टाकीचे तापमान वाढून चार हजारांहून अधिक स्त्रीबीजे आणि भ्रूण बाधित झाले, तेव्हा दूरस्थ गजराची यंत्रणा बंद होती, असे रुग्णालयानेच रुग्णांना कळवले होते.

करारपत्र मात्र वेगळ्याच हाताने लिहिल्यासारखे वाटते. वितळवताना भ्रूण टिकेलच असे नाही आणि टिकला तरी गर्भधारणा होईलच असे नाही, हे त्यात आहे आणि ते योग्यच आहे. उपचाराला यश न येणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि त्यासाठी जगातले कोणतेही न्यायालय भरपाई देणार नाही. पण त्याच वाक्यात पुढे ‘अथवा अन्य कोणत्याही कारणाने’ असे शब्द घुसवले आहेत, म्हणजे वैद्यकीय जोखीम आणि कर्मचाऱ्याची चूक एकाच सहीखाली माफ करून घेतली आहे. अशी सरसकट माफी न्यायालयात टिकेलच असे नाही. तरी रुग्णाला दारातूनच परत पाठवायला ती पुरते. भरपाई भरलेल्या साठवणूक शुल्काइतकीच मर्यादित ठेवणारे कलम त्याच पानावर आहे, आणि वाद न्यायालयाऐवजी लवादाकडेच, म्हणजे खासगी पंचाकडे, नेण्याचे कलम त्याच्या खाली.

लवादाचे कलम किरकोळ समजू नये. क्लीव्हलंडची घटना घडली त्याच शनिवार-रविवारी सॅन फ्रान्सिस्कोतील एका केंद्राची टाकीही निकामी झाली. २०२१ मध्ये तेथील ज्युरीने पाच फिर्यादींना सुमारे दीड कोटी डॉलर मंजूर केले आणि नव्वद टक्के दोष टाकी बनवणाऱ्या कंपनीवर ठेवला. खुल्या न्यायालयात उभी राहिली ती कंपनी. केंद्राविरुद्धचे दावे करारातल्या कलमामुळे लवादाकडे गेले होते. आमच्या करारात उपकरणाच्या दोषाची जबाबदारीही नाकारलेली आहे, पण टाकी कोणत्या कंपनीची, याचा उल्लेख नाही. मागितल्यावर कंपनीचे नाव आणि टाकीचा क्रमांक दोन्ही मिळाले. ते मूळ करारातच असायला हवेत, कारण रुग्णाला कोणावर दावा लावायचा हे त्यावरून ठरू शकते.

नुकसान मोजायचे कसे, यावर कायदा देशोदेशी चाचपडतो आहे. इंग्लंडमध्ये कर्करोगाच्या उपचारापूर्वी पुरुषांनी साठवलेले वीर्य द्रव नायट्रोजनची पातळी घसरून नष्ट झाले, तेव्हा अपील न्यायालयाने २००९ मध्ये ते त्यांच्या मालकीचे मानले आणि सांभाळायला घेतलेल्या वस्तूची जी जबाबदारी असते ती रुग्णालयावर ठेवली. सिंगापूरमध्ये पतीऐवजी परक्या पुरुषाचे वीर्य वापरले गेले. तेथील अपील न्यायालयाने २०१७ मध्ये मूल वाढवण्याचा खर्च नाकारला, पण जनुकीय नाते हिरावले जाणे ही स्वतंत्र हानी मानून त्या खर्चाच्या तीस टक्क्यांइतकी भरपाई देऊ केली. आजवरचा सर्वांत प्रामाणिक तोडगा मला हाच वाटतो. अमेरिकेतील अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांना मुलांचा दर्जा देत पालकांना मृत्यूच्या भरपाईचा दावा खुला केला. त्यामुळे तेथील काही केंद्रांनी उपचार थांबवले आणि काही आठवड्यांतच विधिमंडळाने केंद्रांना दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा केला. अशा वाढीव हक्काचा रुग्णाला काय उपयोग झाला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

संमतीपत्रांच्या बाबतीत केंद्राला पूर्ण गुण द्यावे लागतील. प्रत्येक भ्रूणरोपणापूर्वी दोघांची नवी सही ओळखपत्र पाहून, समक्ष घेतली जाते. एका ब्रिटिश प्रकरणात स्त्रीने विभक्त झालेल्या जोडीदाराची खोटी सही करून आणलेल्या फॉर्मवर भ्रूणरोपण झाले. केंद्राने करार मोडला हे न्यायालयाने मान्य केले, पण निरोगी मुलाच्या संगोपनाचा खर्च २०१८ मध्ये अपिलातही पित्याला मिळाला नाही. समक्ष सहीचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

माझी सर्वांत मोठी तक्रार नोंदींबद्दल आहे. साक्षीदारांच्या सह्या, तापमानाचे आलेख आणि नमुने हलवल्याची नोंदवही या कागदांवर असा दावा उभा राहतो किंवा कोसळतो, आणि ते सगळे केंद्राच्याच कपाटात असते. टाकी बिघडली तर लगेच कळते. नमुन्यांची अदलाबदल मात्र पुष्कळदा मुलाचा रक्तगट जुळला नाही किंवा डीएनए चाचणी झाली तेव्हाच उघडकीस येते. भारतात २००९ मध्ये जन्मलेल्या जुळ्या मुलींच्या अशाच प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा भरपाईचा आदेश यायला २०२३ उजाडले. आमचे केंद्र भ्रूण दहा वर्षे सांभाळण्याचे शुल्क घेते आणि तापमानाच्या नोंदी त्याआधीच नष्ट करते. साक्षीदारांच्या सह्यांची प्रत त्यांनी मागताच दिली. नोंदी साठवणुकीच्या संपूर्ण काळात आणि त्यानंतरही जपाव्यात, अशी लेखी मागणी मी केली आहे; ती व्यवस्थापनाकडे विचाराधीन असल्याचे उत्तर आले आहे. नव्याने येणाऱ्यांनी हीच मागणी सहीच्या आधी करावी, कारण पैसे भरल्यानंतर करारातला एकही शब्द बदलून मिळत नाही.